सातबाऱ्याबाहेरची वाडी

चुलीच्या वर, धुराने काळ्या पडलेल्या आड्याला, एक तुंबा टांगलेला होता. तुंबा म्हणजे वाळवून आतून पोखरलेला दुधी भोपळा, तोंडाला चिंधीचा बोळा. मृगाच्या तोंडावर तो खाली उतरला. बोळा काढल्यावर आधी राख सांडली, मग राखेत लोळलेल्या बिया: दोडक्याच्या काळ्या, खरबरीत; काकडीच्या चपट्या; वालाच्या, ज्याला इथे पोपट म्हणतात; आणि कोहळ्याच्या, टपोऱ्या, कडेला जाड गोट असलेल्या. घरच्या काकू सुपात एकेक जात वेगळी करत होत्या. काकडीचं बी यंदा थोडंच उरलं होतं. मी तसं म्हटलं, तर त्या म्हणाल्या, “बी सरलं तरी काही बिघडत नाई जी. मांगच्या साली मी तिले दिलं होतं, यंदा तिच्याकडून आणीन.” ‘ती’ म्हणजे दोन कोसांवर दिलेली त्यांची नणंद.

हे चिखल्यातलं घर. भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला, मध्य प्रदेशच्या सीमेलगत हे गाव आहे. बाहेरच्या लोकांना ते माहीत असतं मँगनीजमुळे. मॉयल या सरकारी खाण कंपनीची भूमिगत खाण इथे आहे, डोंगरी बुजरुकची उघडी खाण जवळ आहे, आणि या खाणींवर ग्रंथ, अहवाल, नकाशे यांचे ढीग आहेत. मला माग काढायचा आहे तो त्याच गावातल्या दुसऱ्या एका गोष्टीचा. घरामागे काट्यांच्या कुंपणात दोन-चार गुंठ्यांचा, कधी त्याहूनही लहान तुकडा असतो. त्यात वेलाचे मांडव, कोंबड्यांचा खुराडा, शेळीचा खुंटा, जमलं तर गाय, उकिरडा, आणि यातून निघालेल्या जिनसांवर चालणारं स्वयंपाकघर. इथल्या बोलीत त्याला सांदवाडी म्हणतात.

या वाडीला सातबारा नाही. ती गावठाणात मोडते. पीकपाहणीत धानाची नोंद होते, तुरीची होते, लाखोळीची होते. दोडक्याच्या वेलाची होत नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर घराचं मोजमाप असतं, कर असतो. वाडीतून वर्षाकाठी किती भाजी, किती अंडी, किती दूध घरात आलं, याची वही कुठल्याच कचेरीत सापडत नाही. म्हणून तिचा मागोवा घ्यायचा तर आडवाटेने जावं लागतं: शब्दांतून, बियांच्या नावांतून, आणि वेळोवेळी ज्यांनी या वाडीपुढे हात पसरला त्यांच्या कागदांतून.

सांद आणि वाडी

‘परसबाग’ हा शब्द आज पुस्तकांत आणि सरकारी पत्रकांत आहे. त्यातला ‘बाग’ फारसी. ‘परस’ म्हणजे घरामागची मोकळी जागा. ‘परसाकडे जाणे’ या वाक्प्रचारात त्या जागेचा एक जुना उपयोग अजून टिकून आहे. सांदवाडीचं कूळ वेगळं आहे. सांद म्हणजे फट, दोन घरांमधली बोळ. मूळ संस्कृत ‘संधी’. वाडी आली ‘वाटिके’वरून. घर आणि घर यांच्या सांदीत बसवलेली बाग, असा तो साधा शब्द. झाडीबोलीच्या अशा शब्दांना साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आयुष्यभर जपलं आणि कोशात जागा दिली, हे त्यांचं मोठं ऋण आहे.

शब्दाप्रमाणेच वाडीची मांडणीही सांदीत बसवलेली असते. न्हाणीचं पाणी चरातून जिथे मुरतं, तिथे कोचई आणि केळ. कोचईचा, म्हणजे अळूचा, कंद खायचा, धोप्याच्या मोठ्या पानांच्या वड्या करायच्या. उकिरड्याच्या कडेला कोहळ्याचा वेल, कारण त्याची भूक मोठी. दोडक्याला मांडव. कुंपणाच्या काट्यांवर वाल आणि काटवल आपले आपण चढतात. कोपऱ्यात मुनगा म्हणजे शेवगा, त्याच्या सावलीत खुराडा, स्वयंपाकघराच्या दाराशी सांभार, म्हणजे कोथिंबीर, आणि मिरची, कारण तोडायला हात ओला असतानाच जावं लागतं. घराने टाकलेलं सगळं मागच्या दाराने बाहेर जातं: राख, शेण, खरकटं, भाताचं धुवण. आणि त्याच दाराने भाजी होऊन आत येतं.

ज्यांच्या वहीत ती पहिल्यांदा आली

वाडीचं सविस्तर वर्णन ज्या जुन्या ग्रंथात मिळतं, त्यात ते असेल असं कुणाला वाटणार नाही. वात्स्यायनाच्या, साधारण तिसऱ्या शतकातल्या, कामसूत्रात गृहिणीच्या कामांवर एक अख्खं प्रकरण आहे. तिने घराजवळ स्वच्छ जागेत भाजीपाल्याचे वाफे करावेत, ऊस, जिरं, मोहरी, ओवा लावावा. मुळा, पालक, काकडी, वांगं, कोहळा, दुधी, सुरण, लसूण, कांदा यांचं बी वेळेवर धरून ठेवावं आणि वेळेवर पेरावं, असं तो सांगतो. त्याच प्रकरणात मेंढे-कोंबड्यांची देखभाल आहे, उरलेल्या दुधाचं तूप आहे, आणि पेज, तूस, कणी, कोंडा, चुलीतला कोळसा यांतलं काहीही वाया जाऊ देऊ नये अशी ताकीद आहे. ग्रंथ लिहिला गेला नगरातल्या सुखवस्तू घरासाठी. कामं करणारे हात बहुधा दासींचे असणार. तरीही बी धरणं हे घरातल्या बाईचं काम, ही गोष्ट सतराशे वर्षांपूर्वी इतकी गृहीत होती की तिची यादी करता येत होती.

दुसरा पुरावा आमच्या अगदी उंबऱ्याशी आहे. चौथ्या-पाचव्या शतकात हा मुलूख वाकाटकांचा होता. त्यांची एक राजधानी नंदिवर्धन, म्हणजे रामटेकजवळचं नगरधन. प्रवरसेन दुसरा याचे ताम्रपट विदर्भात ठिकठिकाणी मिळाले. त्यातला एक तिरोडीचा. तुमसरहून चिखल्याच्या बाजूने जाणारी रेल्वे ज्या तिरोडीला पोचते, तेच हे बालाघाट जिल्ह्यातलं गाव. वाकाटकांच्या दानपत्रांत सवलतींची एक ठरीव यादी येते. दान दिलेल्या गावाकडून फुलं आणि दूध घेऊ नये, राजपुरुषांसाठी चारा, बसायला कातडी आणि कोळसा मागू नये, असं तिच्यात आहे.

माफी कोरून ठेवावी लागते ती चालू असलेल्या मागणीची. म्हणजे ज्या गावांना असं दानपत्र नव्हतं, तिथे राजाचा माणूस आला की गोठ्यातलं दूध आणि दारातली फुलं द्यावी लागत होती. कागदावर, इथे तांब्यावर, वाडी उमटते ती घेणाऱ्याच्या हातून. हा धागा पुढे वारंवार भेटतो.

परदेशी पाहुणे, घरची नावं

वाडीची खरी वंशावळ मात्र तुंब्यात आहे. सुपात वेगळ्या केलेल्या त्या बिया कुठून कुठून आल्या, ते पाहिलं तर चिखल्याचं कुंपण फार लांबवर जातं.

वांगं आणि मुनगा इथलेच, भारतातले. धानाच्या धुऱ्यावर पेरली जाणारी तूरही इथलीच; तिचा सर्वांत जवळचा रानटी भाऊबंद अजून बस्तर-ओडिशाच्या पट्ट्यात उगवतो. बरबटी, जिला इतर महाराष्ट्र चवळी म्हणतो, आणि भेंडी आफ्रिकेकडून आल्या, पण त्याला इतकी शतकं झाली की त्यांना कुणी परकं म्हणत नाही. चिंचही आफ्रिकेचीच.

आणि मग १४९२ नंतरची मोठी लाट. कोलंबसाच्या वाटेने अमेरिकेतली पिकं जगभर पसरली, पोर्तुगीजांनी त्यातली अनेक आपल्या किनाऱ्यावर उतरवली. गोवा त्यांनी १५१० मध्ये घेतला. मिरची, रताळं, पोपई, पेरू, टोमॅटो, लाल भोपळा, सगळी त्या गोटातली. कोकण-देशावर या पाहुण्यांची पोर्तुगीज नावंही रुळली. बटाटा हे त्याचं उघड उदाहरण. आमच्याकडे ती मंडळी किनाऱ्यावरून थेट आली नाहीत. बहुधा उत्तरेकडून, जबलपूर-नागपूरच्या बाजाराने आली असावीत, म्हणून बटाट्याला आलू म्हणतात. पेरूला जांब म्हणतात. टोमॅटोला तर भेदरं असं नाव पडलं, आणि ते इतकं घरचं झालं की शहरात शिकून आलेली मुलंही घरात भेदऱ्याचीच चटणी मागतात.

मिरचीची गोष्ट याहून बोलकी आहे. अरणचे संत सावता माळी १२९५ मध्ये समाधिस्थ झाले. भाजीच्या मळ्यातच देव पाहणाऱ्या त्यांच्या प्रसिद्ध अभंगात आज मिरचीचं नाव येतं. तेराव्या शतकात आपल्याकडे ही मिरची नव्हती. एक तर तिथे मुळात मिऱ्यांच्या जातीचं काही असेल, किंवा मळ्यात नवं रोप आलं तसं गाणाऱ्यांच्या तोंडी ते अभंगातही शिरलं असेल. नावही तसंच तयार झालं: मिऱ्यासारखं तिखट म्हणून मिरची. आज नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. चारशे-पाचशे वर्षांत पाहुणी घरची मालकीण झाली.

पण मला सगळ्यांत आवडतं ते कोहळं. संस्कृतातला कूष्मांड म्हणजे पांढरट, राखी सालीचा कोहळा, ज्याचा पेठा करतात. वात्स्यायनाच्या यादीत आहे तो हाच. अमेरिकेतून केशरी गराचा भोपळा आला, तेव्हा उर्वरित महाराष्ट्राने त्याला लाल भोपळा म्हटलं, आणि विदर्भाने जुन्या कोहळ्याचं नाव सरळ या नव्याला देऊन टाकलं. इथे कोहळ्याची भाजी म्हटलं की केशरी फोडी. शिजवलेलं कोहळं, गूळ आणि कणीक मळून तेलात सोडलेली बोंडं सणाला होतात. खाणाऱ्याला वाटतं, ही पिढ्यान् पिढ्यांची चव. आहेच ती तशी. परक्या बियाला स्वतःच्या आजोबांचं नाव देण्याइतकी ही वाडी मोठ्या मनाची आहे.

जनावरांचाही असाच माग निघतो. कोंबडीचा मूळ पुरुष रानकोंबडा. आशियाच्या जंगलांतून तो माणसाच्या दारात आला. विदर्भातल्या बेरारी शेळीला आता स्वतंत्र जात म्हणून मान्यता आहे. शेळी पाळण्याची इथली रीतही जुनी आहे. ज्याच्याकडे पैसा आहे तो पाट, म्हणजे तरुण शेळी, विकत घेऊन दुसऱ्याला बटईने देतो. पाळणारा चारतो, राखतो, आणि होणारी पिल्लं दोघांत वाटली जातात. दोन-तीन वेतांत पाळणाऱ्याची स्वतःची शेळी उभी राहते. व्याज नाही, तारण नाही. धोका मात्र दोघांचा. उन्हाळ्यात मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग आला, की एका आठवड्यात अख्ख्या आळीचे खुराडे रिकामे होतात, आणि मग पुन्हा कुणाकडून तरी एक तलंग आणून सुरुवात करावी लागते.

तलाव, रान आणि मालगुजार

वाडी एकटी कधीच उभी नव्हती. तिला पाणी, काटी, चारा लागतो, आणि तो तिच्या कुंपणाबाहेरून येतो.

भंडारा हा तलावांचा जिल्हा. परंपरा सांगते की काशीयात्रेला गेलेल्या चांद्याच्या गोंड राजाने तिथल्या कोहळी लोकांचं पाणी अडवण्याचं कसब पाहिलं आणि त्यांना इकडे येऊन वसायला बोलावलं. कोहळ्यांनी बांधलेल्या तलावांवर धान आणि ऊस पिकला, ढिवरांनी त्यात मासे आणि शिंगाडा धरला, आणि उन्हाळ्यात उघडा पडलेला गाळ गाड्यांनी शेतात आणि वाडीत गेला. १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले वारले आणि पुढच्या साली नागपूरचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं. पुढच्या बंदोबस्तात मालगुजारांना, म्हणजे गावचा सारा भरणाऱ्यांना, गावाची मालकी मिळाली, तलावही त्यांचे झाले. १९५०-५१ मध्ये मालगुजारी गेली. आज जे ‘मामा तलाव’ म्हणतात, त्यातला मामा म्हणजे ‘माजी मालगुजारी’.

मालगुजारी काळात रयतेला निस्ताराचे हक्क होते: कुंपणाच्या काट्या, घराला बांबू-बल्ली, जळण, गुरांची चराई. गावची गुरं सकाळी आखरावर जमायची आणि गोवारी ती रानात न्यायचा. दिवाळीच्या पाडव्याला गायगोधनाचा मान त्याचा असे. वाडीतली एक गाय परवडत होती, कारण तिचं पोट रानात भरत होतं आणि शेण मात्र घरी येत होतं. त्याच काळात बेगारही होती, सणावारी मालकाच्या वाड्यावर न्यायच्या भेटीही होत्या. वाकाटकांच्या ताम्रपटातलं दूध आणि फुलं इथे नव्या नावाने पुन्हा दिसतात.

मध्य प्रांताला १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे पाठोपाठ दोन भयंकर दुष्काळ बसले. धान बुडाल्यावर माणूस रानाकडे आणि वाडीकडे वळतो: मोहाची फुलं, तरोट्याची कोवळी पानं, कंद, वास्ते म्हणजे बांबूचे कोंब, सात्या म्हणजे अळंबी. यातल्या बऱ्याच जिनसा आजही इथल्या पावसाळी ताटात हौसेने येतात. त्या हौसेच्या मागे कुणाच्या तरी आजीची उपासमार आहे, हे खाताना आठवावं.

खाण आली

त्याच दुष्काळाच्या वर्षांत, १८९६ साली, सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट ही कंपनी उभी राहिली. पुढे तिचंच नाव सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी झालं. पोलादाला मँगनीज हवं होतं. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धाने रशियाचा माल अडला आणि मध्य प्रांताच्या खनिजाला भाव आला. भूवैज्ञानिक फर्मर यांनी १९०९ मध्ये हिंदुस्थानातल्या मँगनीज साठ्यांवरचा आपला जाडजूड ग्रंथ काढला. इथल्या मँगनीजयुक्त खडकाला त्यांनी गोंडांवरून ‘गोंडाइट’ असं नाव दिलं. खडकाला गोंडांचं नाव मिळालं. खडक फोडणाऱ्यांची नावं त्या ग्रंथात शोधून सापडायची नाहीत.

खनिज फोडायला, निवडायला, वाहायला बायका आणि पुरुष दोघंही होते. आठवड्याची मजुरी हातात येत होती. पण त्या घरांत वाडी होती, धुऱ्यावरची तूर होती, खुराड्यात कोंबडी होती. मजुरीतून मीठ, तेल, कापड आणायचं. रोजची भाजी घरची. माझं सरळ म्हणणं असं की त्या मजुरीचा काही भाग दर आठवड्याला सांदवाडी भरत होती. खाणीतून आलेली बाई रात्री वेलांना पाणी घालत होती, म्हणून तेवढ्या मजुरीत घर चालत होतं. कंपनीच्या ताळेबंदात ही रक्कम नाही.

ही कंपनी विलायती होती, म्हणून तिच्या मायदेशाकडे एक नजर टाकतो. १९०८ मध्ये ब्रिटनच्या संसदेने ‘स्मॉल होल्डिंग्ज अँड अलॉटमेंट्स ॲक्ट’ केला. तिथल्या मजुरांची सामाईक रानं-कुरणं कुंपणं घालून आधीच गेलेली होती. आता स्थानिक संस्थांनी त्यांना भाजीसाठी तुकडा द्यावा, असं कायद्याने सांगितलं. खाणकामगारांच्या वस्त्यांत हे तुकडे जिवापाड जपले गेले. तिथे मजुराला वाडी मिळावी म्हणून कायदा लागला. इथे ती होतीच, म्हणून कुणाच्या डोळ्यांत भरली नाही.

अमेरिकेत तर ‘होमस्टेड’ हा शब्दच १८६२ च्या कायद्याने अजरामर केला: कसून दाखवा आणि १६० एकर घ्या. ती जमीन आधी तिथल्या मूळ लोकांची होती. आज जगभर शहरातली माणसं शेळ्या, कोंबड्या आणि लोणच्याच्या बरण्या यांच्याकडे वळताना हाच शब्द वापरतात. त्यांची ओढ खरी आहे. फक्त चिखल्यात त्या ओढीला वेगळं नाव कधी लागलं नाही, कारण ती सुटलीच नव्हती.

त्या विलायती कंपनीच्या खाणी घेऊन १९६२ मध्ये मॉयल स्थापन झाली, १९७७ मध्ये ती पूर्णपणे सरकारी मालकीची झाली. नोकरी पक्की असलेल्या घरांत पगार आला, पक्की घरं आली. काही वाड्यांवर सिमेंट चढलं, काही ठिकाणी तिथे मोटारसायकल उभी राहते. पण ज्या घरांत कायमची नोकरी नाही, त्या घरांच्या मागे मांडव अजून हलता आहे.

देणारे आले

स्वातंत्र्यानंतर वाडीकडे पाहणाऱ्यांचा सूर बदलला. घेणारे होते तिथे देणारे आले. १९६० च्या दशकात सघन शेतीच्या ‘पॅकेज’ कार्यक्रमासाठी महाराष्ट्रातून निवडला गेलेला जिल्हा भंडारा. बियाणं, खत, कर्ज एकत्र मिळालं, धानाचं उत्पन्न वाढलं. त्याचा वाडीवर एक परिणाम झाला, तो फारसा बोलला जात नाही. नवे वाण बुटके. बुटक्या धानाचं तणस आखूड आणि कमी, म्हणजे गुरांची बेगमी कमी. धान कांडणं उखळातून गिरणीत गेलं, तसं कोंडा-कणीचं गणितही बदललं; ज्या घराने गिरणीवरून कोंडा परत आणला त्याच्याच कोंबड्या पोसल्या. दुसरीकडे राखीव जंगल आणि अतिक्रमणं यांच्यात चराई आक्रसली. आखरावरचं गोहन, म्हणजे गुरांचा कळप, लहान झालं. गाय गेली तिथे शेण विकत आलं, आणि शेण विकत आलं की वाडीचा हिशेब बिघडतो.

वर्ध्यात १९३४ पासून अखिल भारत ग्रामोद्योग संघ आणि गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा नेमकं हेच सांगत होते: हातसडीचा तांदूळ, घरचा गूळ, घरामागची हिरवी भाजी, आणि शेणाचा परत मातीत जाणारा फेरा. त्यांना भाबडं ठरवलं गेलं. धानाच्या जिल्ह्यात राहणाऱ्याला ते भाबडे वाटत नाहीत.

पोषणाच्या योजनांनी पुढे परसबागेचं नाव घेतलं. १९६० च्या दशकातल्या पोषण आहार कार्यक्रमात शाळांच्या बागा आणि कोंबड्या होत्या. राज्य सरकारच्या ‘उमेद’ अभियानाने २०२० मध्ये, टाळेबंदीच्या वर्षी, बचतगटांच्या बायकांबरोबर पोषण परसबागांची मोहीम काढली. रोजगार बंद, बाजार बंद, तेव्हा ज्यांच्या मागच्या दारात वेल होता त्यांचं जेवण कोरडं झालं नाही. रेशनच्या तांदळाने पोट भरतं. रक्त भरतं ते मुनग्याच्या पाल्याने, अंड्याने, लाखोळीच्या वरणाने. ही मोहीम चांगली आहे आणि ती वाढावी. एकच गोष्ट सांगावीशी वाटते. योजनेच्या पाकिटातलं संकरित बी एक वर्ष भरघोस देतं, पण त्याचं धरलेलं बी पुढच्या साली आईबापासारखं निघत नाही. एक-दोन वर्षं तुंब्यात काही भरलं नाही की आळीतलं देणं-घेणंच तुटतं. पाकीट देण्याआधी तुंब्यात काय आहे, हे विचारायला हवं.

बी धरणं हे सोपं काम नाही. काकूंनी मांडवावरचा एक दोडका दाखवला होता. मधल्या तोडणीतला, सरळ, निरोगी. देठाला लाल चिंधी बांधलेली. चिंधी कशासाठी, तर घरातल्या कुणी चुकून तोडू नये. तो वेलावरच जून होतो, वाळतो, आत खुळखुळतो. मग बिया काढून उन्हात, मग राखेत. राख ओल शोषून घेते आणि किड्याच्या अंगावरचं संरक्षक आवरण खरवडते. चुलीचा धूर उरलेलं काम करतो. गॅस आल्यापासून चूल थंड पडत चालली आहे. बाईच्या फुप्फुसांना त्याने मोठा आराम मिळाला आहे आणि तो मिळायलाच हवा. धुराच्या जागी मग घट्ट झाकणाचा डबा आणि कोरडी राख असं नवं शहाणपण आपणच रुजवायला हवं.

मोजणी

एप्रिल २०२० मध्ये केंद्र सरकारने स्वामित्व योजना सुरू केली. ड्रोनने गावठाणांची मोजणी करायची आणि घरमालकांना मिळकतपत्रिका द्यायच्या. सातबाऱ्याने सोडलेली जागा अखेर नकाशावर येते आहे. हे चांगलंच झालं. कागद असला की कर्ज मिळतं, भांडणं मिटतात, आणि बाईचं नाव लागलं तर तिचा पाय घट्ट होतो. पण आकाशातून कुंपण दिसतं. कुंपणावरच्या वालाची जात दिसत नाही.

त्यासाठी आपल्याकडे एक वही आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही सांगितली आहे. तिच्यात स्थानिक वाण, पाळीव जनावरं आणि लोकांचं ज्ञान यांना रीतसर जागा आहे. ती बाहेरून आलेल्या माणसाने चार दिवसांत भरून फाईलला लावायची गोष्ट नाही. मृगाच्या तोंडावर, तुंबे खाली उतरतात त्या आठवड्यात, बायकांनी एकत्र बसून ती भरावी: कोणत्या घरी कोणता वाल, कुणाच्या माहेरचं कोहळं, कुणाकडे काकडीचं बी उरलंय. ताम्रपटापासून ड्रोनपर्यंत या वाडीवर दुसऱ्यांनी लिहिलं. कसणाऱ्या हाताने लिहिलेली ही पहिली नोंद ठरेल.

निघताना काकूंनी कोहळ्याच्या पाच बिया कागदाच्या पुडीत बांधून दिल्या. शहरात माझ्याकडे गच्चीवरचं एक जुनं टिपाड आहे, तेवढीच जागा. त्यांना ते सांगितलं. “होते जी तेवढ्यात. पाणी टाकत राहा फक्त,” त्या म्हणाल्या. आणि फाटकापर्यंत येऊन पुन्हा आठवण करून दिली, “पुढच्या साली आणजा मग.”

पुडी उघडली तेव्हा बोटांना राख लागली. पाच बियांचं देणं आहे. मृगाच्या आधी फेडायचं.